मुठीचं माप

हातमोजे विकणाऱ्या माणसासमोर माझ्या सासूबाईंना उभं करू नये, हे मला आधीच कळायला हवं होतं. पण त्या दिवशी मी इतकी उतावीळ झाले होते की डोकं जागेवर नव्हतंच. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. मी खालून वाकून आत शिरले, माझ्यामागून सासूबाई कमरेला हात लावत शिरल्या, आणि दुकानदार हातातला झाडू तसाच धरून आमच्याकडे बघत राहिला.

"ताई, आग लागलीय का कुठे?"

"उद्या सकाळी माझी परीक्षा आहे. घाटातून मोटरसायकल वर न्यायचीय. थंडी आहेच, त्यात पाऊस सांगितलाय. हात गारठणार नाहीत आणि भिजणारही नाहीत असे हातमोजे द्या."

"बसा तरी आधी."

"बसायला वेळ नाही हो," असं म्हणत मी बसले.

मी इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. दिवसभर वाफ, चादरी आणि पुन्हा वाफ. कामाला मी नावं ठेवत नाही, पण त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून मागचं आवार दिसतं. तिथून रक्तपेढीची मोटरसायकल निघते. मागे पांढरा डबा, डब्यात रक्ताच्या पिशव्या. डोंगरावरच्या दवाखान्यात एखादी बाळंतीण अडली की रुग्णवाहिका घाटात ट्रकांच्या मागे रखडते. मोटरसायकल मात्र कडेकडेने निसटून वेळेत पोचते. ती निघाली की माझ्या हातातली चादर अर्धवट घडीचीच राहायची. मला ते काम हवं होतं. हवं म्हणजे काय, वेडच लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात जागा निघाली तेव्हा मी परीक्षा दिली होती. सांगायला सोपी आहे. डबा घेऊन घाट चढायचा, वर दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरसमोर डब्याची खिट्टी उघडायची, पिशवी काढून त्यांच्या हातात द्यायची आणि रिकामा डबा घेऊन खाली यायचं. परीक्षेच्या पिशवीत लाल रंगाचं पाणी असतं. घाट मी झोकात चढले. पण हातात होते साधे लोकरीचे हातमोजे. पहिल्याच वळणावर पावसाने ते भिजले आणि वर पोचेपर्यंत माझी बोटं माझी राहिलीच नव्हती. खिट्टी कशीबशी उघडली, पिशवी उचलली, आणि ती हातातून सुटून सिस्टरच्या पायाशी फुटली. पांढऱ्या फरशीवर सगळीकडे लालच लाल. सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आणि ही खरी असती तर?"

कप्पाळ! संधी प्रत्येकाला दोनदाच मिळते. उद्याही पिशवी सुटली तर निवृत्तीपर्यंत मी, ती वाफ आणि ती खिडकी.

म्हणून ही धावपळ. आणि हातमोज्यांचा विषय असल्यावर सासूबाईंना घरी ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांचं उभं आयुष्य हातमोज्यांच्या कारखान्यात गेलं. कातडं कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं त्या स्वतःच सांगतात आणि ते खरंही आहे. शिवाय मला मोटरसायकलवर बसवलं तेही त्यांनीच. नवऱ्याची जुनी गाडी जिन्याखाली गंजत होती. एक दिवस त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाला हिच्यावर बसायची भीती वाटते. तुला वाटत नाही. मग ही कुणाची वाट बघतेय?" अशा बाईचं मन मोडायला माझी जीभ रेटत नाही.

दुकानदाराने काउंटरवर हातमोजे मांडायला सुरुवात केली आणि सासूबाईंनी ते उलटेपालटे करायला. शिवण नखाने ओढून बघितली. कातडं नाकाशी नेलं. मग एक हातमोजा तोंडाला लावून गाल फुगवून असा फुंकला की त्याची पाचही बोटं ताठ उभी राहिली.

"काकू, अहो, नवीन माल आहे!" दुकानदार कळवळला.

"नवीन आहे म्हणूनच फुंकतेय. जुना कशाला फुंकू?"

शेवटी त्यांनी एक जोड बाजूला काढला. काळं, मऊसूत कातडं, बारीक शिवण, आत पातळसं अस्तर, वरून पाणी न शिरणारा लेप. मला म्हणाल्या, "हात ठेव इथे. सपाट. बोटं सरळ." मी काउंटरवर हात सपाट ठेवला, त्यांनी हातमोजा चढवला आणि प्रत्येक बोटाचं टोक चिमटीत धरून पाहिलं. चिमटीत काही म्हणजे काही आलं नाही.

"बघ," त्या हरखून म्हणाल्या. "टोकाला चिमूट आली की समजावं, कापणाऱ्याने झोपेत कापलाय. हा बसला की नाही कातडीसारखा?"

बसला होता. हात इतका देखणा दिसत होता की मी तो उगाचच हलवून बघत राहिले.

दुकानदाराने खाकरून दुसरा जोड पुढे केला. जाडजूड, फुगीर, लांब मनगटाचा. "ताई, थंडीपावसाला हा घ्या. बाहेर जाड कापड, मधे पाणी अडवणारा पडदा, आत उबदार अस्तर. हाताच्या पाठीवर जाड आहे, कारण वारा तिथे लागतो. तळव्याकडे पातळ आहे, म्हणजे ब्रेक-क्लच बोटांना कळतो. डाव्या तर्जनीवर ही रबराची पट्टी बघा, हेल्मेटच्या काचेवरचं पाणी पुसायला. आणि नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यायचा."

"मोठा?" सासूबाईंनी हा शब्द घाणेरडा असल्यासारखा उच्चारला.

"बोटांभोवती थोडी हवा राहिली पाहिजे, काकू. ऊब त्या हवेतच राहते. आवळ बसला की रक्त फिरत नाही."

"नाकापेक्षा मोती जड! ह्यात हिचा हात शोधायला दिवा लावावा लागेल."

पण मनगटाची गोष्ट निघाली तेव्हा त्या जरा नरमल्या. दुकानदार म्हणाला, की पावसात हातमोज्याचं मनगट जॅकेटच्या बाहीच्या आत घालायचं. वरून घातलं तर बाहीवरचं पाणी ओघळून थेट हातमोज्यात भरतं. सासूबाईंनी मान डोलावली. "पाणी उताराला जाणारच. अगदीच अडाणी नाहीये हा," हे त्या माझ्या कानात म्हणाल्या, पण दुकानाबाहेरही ऐकू गेलं असेल.

मी दोघांच्या मधे. एकीकडे माझी परीक्षा, दुसरीकडे सासूबाईंचं तोंड. मला दुकानदाराचं पटत होतं, दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. पण त्या काळ्या जोडावर सासूबाईंनी असा हात ठेवला होता की मला बोलवेना. दुकानदारच शहाणा निघाला. म्हणाला, "दोन्ही घरी न्या. शांतपणे ठरवा. नको तो परत आणा, फक्त जसा नेला तसा आणा."

जसा नेला तसा! त्याला आमचं घर माहीत नव्हतं.

नवरा फ्रिज दुरुस्त करतो, त्यामुळे आमच्याकडे बर्फाला तोटा नाही. दुपारी जेवायला आला तेव्हा मी जिन्याखाली गाडीवर बसले होते, डाव्या हातात काळा हातमोजा, उजव्या हातात जाडा. समोर स्टुलावर टेबलफॅन, पूर्ण वेगात. आणि सासूबाई बर्फाच्या पाण्याची बादली घेऊन मगाने माझ्या दोन्ही हातांवर धार धरत होत्या.

"काय चाललंय हे?" नवऱ्याने विचारलं.

"घाट चढतोय," सासूबाई म्हणाल्या. "तू ती वायर उचलून धर, भिजेल."

तो बिचारा जेवण सोडून वायर धरून उभा राहिला. मी मुठी आवळून बसले. आधी मजा वाटली, मी तोंडाने गाडीचा आवाजही काढला. मग डाव्या हाताची बोटं दुखायला लागली. मग दुखायची थांबली, आणि तेच वाईट होतं. गेल्या हिवाळ्यातही ती अशीच गप्प झाली होती.

"आता काढ," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपला बटणांचा डबा ताटलीत ओतून ठेवला होता. "एकेका हाताने उचल."

उजव्या हाताने मी शर्टाची बारीक बटणंसुद्धा पटापट उचलली. डाव्या हाताची टोकं पांढरीफटक पडली होती. एक बटण चिमटीत आलं, सुटलं, आणि घरंगळत बादलीखाली गेलं. त्या घरंगळण्याचा आवाज मला पिशवी फुटल्यासारखा लागला.

सासूबाईंनी माझा डावा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "परत घाल आणि मूठ धर."

मी काळा हातमोजा चढवून गाडीची मूठ धरली. त्या वाकल्या आणि पहिल्यांदाच माझ्या हाताकडे त्या जागी, त्या अवस्थेत बघितलं. मुठीत बोटं वळली की कातडं पाठीवर ताणलं जात होतं आणि बोटांची टोकं आत चेपली जात होती. त्यांनी एका बोटाचं टोक दाबलं. मग दुसऱ्याचं.

"आम्ही हात टेबलावर ठेवून माप घ्यायचो," त्या म्हणाल्या. "सपाट. गिऱ्हाईकसुद्धा खुर्चीवर बसून, हात पसरून घालून बघायचं आणि खूश व्हायचं. मुठीचं माप कुणी घेतलंच नाही."

"पण आई, थंडीत तुम्ही घालायचात ते तुम्हाला आवळ नाही व्हायचे?"

"मी?" त्या हसल्या. "मी कधी घातले हातमोजे? कातडं कळायला हात उघडाच लागतो. आणि घर काय, जवळच होतं. हात पदरात गुंडाळले की झालं."

नवऱ्याच्या हातातली वायर खाली आली. त्यालाही हे माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इतकी वर्षं एका घरात राहून आम्हा दोघांपैकी एकानेही हे कधी विचारलं नव्हतं, आणि मला भारी लाज वाटली.

पण सासूबाईंना असल्या गोष्टींवर बसून राहायची सवय नाही. "दुकानदाराचं खरं," त्या एकदम म्हणाल्या. "जाडाच घालायचा. चल, पुन्हा घाल बघू तो."

इथे नवीनच घोडं अडलं. उजवा हात काढताना मुठीतल्या घामाने आतलं अस्तर बोटांना चिकटून बाहेर आलं होतं. आता हात आत जाईना. बोटं घालावीत तर अस्तराचा गोळा. मी ढकलतेय, ओढतेय, दातांनी धरतेय. घाट चढून वर हातमोजे काढायचे असतात, आणि मग ते घालून खालीही यायचं असतं. वर पिशवी दिली आणि उघड्या हातांनी उतरताना गाडी घसरली, तर कसलं काम आणि कसलं काय.

"हात दाखवून अवलक्षण," नवरा म्हणाला. "दोन्ही भिजवलेत. आता परत कोण घेणार?"

"परत कशाला देतोय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली होती. "अस्तर टोकाला धरलेलंच नाही. आमच्याकडे असं काम केलं असतं तर मुकादमाने तोंडावर फेकलं असतं. माझा सुईदोरा आण. आणि ते छोटं पातं."

त्यांनी सुई ओवली, हातमोजा गुडघ्यावर घेतला, आणि थांबल्या. सुई परत सुयांच्या गादीत टोचून ठेवली.

"टोकाला सुई नको. सुई गेली की पडद्याला भोक. पाणी आत." मग गाडीकडे बघून म्हणाल्या, "पंक्चर काढायचं ते सोल्युशन असतं ना तुझ्याकडे?"

मी सीटखालून ट्यूब काढून दिली. त्यांनी दोन्ही हातमोज्यांची मनगटापाशी अस्तराची शिवण बोटभर उसवली. नव्याकोऱ्या हातमोज्याला पातं लागलेलं बघून नवऱ्याने डोळेच मिटले. त्या फटीतून त्यांनी लांब काडीने एकेका बोटाच्या टोकाशी सोल्युशनचा थेंब नेला, लाकडी चमच्याच्या दांड्याने अस्तर आतून टोकापर्यंत बसवलं आणि प्रत्येक बोटाला कपड्यांचा चिमटा लावला. मग उसवलेली शिवण अशी घातली की कुठे उसवली होती ते मलाही सापडेना. दहा बोटांना चिमटे लावलेला तो जोड दोरीवर लटकत राहिला आणि मी दर थोड्या वेळाने जाऊन बघत राहिले. "अगं, बघून वाळत नाही ते," त्या ओरडल्या, पण पुढच्या वेळी दोरीपाशी त्याच उभ्या होत्या.

सकाळी बाहेर पाऊस धरून लागला होता. सासूबाईंनी हातमोजा तोंडाला लावून फुगवला, मनगट घट्ट पिळलं आणि बादलीत बुडवला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. बुडबुडा आला नाही. दुसरा बुडवला. त्याचाही नाही. मी तिथेच उडी मारली आणि बादली लवंडली.

त्यांनी स्वतः मला हातमोजे चढवले, मनगटं बाहीच्या आत सारली, पट्टे ओढले. शेवटी सवयीने माझ्या बोटाचं टोक चिमटीत धरलं. चिमूट आली. त्यांनी ओठ दाबले आणि मला ढकललं. "जा."

घाट! काय सांगू त्या घाटाचं. वारा असा की गाडीच तिरकी चालावी, पाऊस आडवा, ट्रकांच्या चाकांखालून उडणारा चिखल. मान गारठली, गुडघे गारठले, नाकातून पाणी यायला लागलं. आणि हातांत मात्र घरातली ऊब. मी दर वळणावर बोटं हलवून बघत होते: आहात का? सगळी जागच्या जागी होती. क्लच किती दाबला, ब्रेक कुठे धरला, सगळं कळत होतं. काच पाण्याने भरली की डाव्या तर्जनीची पट्टी फिरवायची, रस्ता पुन्हा समोर. शेवटच्या चढावर मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते, आणि माझा आवाज काय लायकीचा आहे ते मला माहीत आहे.

दवाखान्याच्या दारात मोठ्या सिस्टर त्याच जागी उभ्या होत्या, त्याच पांढऱ्या फरशीवर. त्यांनी मला ओळखलं. पाय जरा मागे घेतले.

मी हातमोजे काढले. खिट्टी उघडली, एकदाच. झाकण उचललं. पिशवी दोन्ही हातांत घेतली. पिशवी गार होती, निसरडी होती, आणि तिचा गारवा, तिचं वजन, कडेची शिवण, सगळं माझ्या बोटांना कळत होतं. मी ती सिस्टरच्या हातांत ठेवली. त्यांनी ती घेताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली आणि त्या दचकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तुझे हात तर माझ्यापेक्षा गरम आहेत!"

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

"आता खाली जा, जपून," त्या म्हणाल्या. "आणि रक्तपेढीत सांग, माणूस मिळालं म्हणून."

पण अजून एक गोष्ट बाकी होती. मी डबा बंद केला, पायऱ्यांवर उभी राहिले आणि ओलसर हात हातमोज्यात घातला. बोटं सरळ गेली, शेवटपर्यंत. अस्तर तसूभर हललं नाही. दहाही बोटांच्या टोकांशी सासूबाई बसल्या होत्या. तेव्हा मी जी आरोळी ठोकली ती ऐकून आतली एक पेशंट खिडकीत आली.

खाली पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. रक्तपेढीत डबा दिला, निरोप सांगितला, पेढीतल्या सगळ्यांशी हात मिळवले, काहींशी दोनदा. बाहेर आले तर इस्पितळाच्या फाटकाशी सासूबाई. भिजलेली छत्री काखेत, हात पदरात गुंडाळलेले. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच. त्यांनी डोळे पुसले आणि मलाच दटावलं, "हसतेस काय दात काढून? अस्तर?"

"हललं नाही."

"पाणी?"

"थेंब नाही."

मग त्यांनी पदरातून हात काढून माझ्या गालाला लावला. तो हात इतका गार होता की माझं हसू विरलं. मी हातमोजे काढले. त्या "अगं, अगं, मला काय करायचेत" म्हणत असतानाच त्यांचा एकेक हात धरला आणि त्यात घातला. कापून कापून वाकडी झालेली बोटं आत जायला वेळ लागला. गेली. त्या हात समोर धरून बघत राहिल्या.

मी खिशातून काळा जोड काढून चढवला. घरापर्यंतच जायचं होतं, तेवढ्याला तो छान होता. त्या मागे बसल्या, पण माझ्या कमरेला काही धरेनात. आरशात बघितलं तर एका हाताने दुसऱ्या हाताच्या बोटाचं टोक चिमटीत धरून बघत होत्या.

"मोठे होताहेत मला," त्या म्हणाल्या.

आणि घर आलं तरी त्यांनी ते काढले नाहीत.